गाळ उपसायच्या आधी हे वाचा

वर एकांनी लिहिलंय की गाळ उपसला की ठाणे खाडी साफ. एवढं सोप्पं नाहीये हो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६० च्या दशकापासून केमिकल कंपन्या, त्यांचा पारा-शिसं तळाच्या चिखलात बसलंय, ते नुसतं ढवळलं तर परत पाण्यात येणार, आणि पाऱ्याचं तर चिखलातले बॅक्टेरिया मिथाइल मर्क्युरी (पाऱ्याचं जास्त विषारी रूप) करतात, जे माशांत साठत जातं आणि मग जिताडा खाणारे आपणच (मी तर सोडत नाही, असो). २०२२ ला खाडीला रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा) मिळाला म्हणून चिखल थोडाच धुतला जातो! गाळ उपसण्यासाठीच्या सह्यांच्या अर्जात आधी थराथराने गाळ तपासायची मागणी टाका, आणि काढलेला गाळ तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या साइटवरच जाणार हे लेखी घ्या, नाहीतर कुठल्यातरी कांदळवनात भराव म्हणून पडेल.