संगणकीकृत सातबाऱ्यातून आत्याचे नाव वगळले गेले आणि क्षेत्रही बदलले: दुरुस्ती कशी करून घ्यावी?

प्रश्न

नमस्कार. आमच्या वडिलोपार्जित जमिनीचा एकच गट असून आजोबांच्या निधनानंतर वडील, काका आणि आत्या अशा तिघांची नावे हस्तलिखित सातबाऱ्यावर वारस म्हणून लागलेली होती. त्या जुन्या उताऱ्यावर गटाचे क्षेत्र १ हेक्टर ६२ आर असे स्पष्ट वाचता येते. अलीकडे शेतकरी ओळख क्रमांकासाठी संगणकीकृत सातबारा काढला, तेव्हा त्यावर क्षेत्र १ हेक्टर २६ आर दिसले आणि आत्यांचे नाव तर कोठेच नाही. जुना उतारा निरखून पाहिल्यावर असे लक्षात आले की, आजोबांच्या नावाला घातलेला कंस खालपर्यंत ओढला गेला असून त्याच्या लगेच खाली आत्यांचे नाव आहे. नाव कमी झाले आहे असे समजून नोंद भरणाऱ्याने ते सोडून दिले असावे. आत्यांनी हक्कसोडपत्र केलेले नाही आणि त्यांचा हिस्सा कायम राहावा, अशीच वडिलांची व काकांची इच्छा आहे. गावात सर्वजण ‘एकशे पंचावन्नचा अर्ज टाका’ असे सांगतात. दोन्ही चुका त्याच एका अर्जाने दुरुस्त होतील का, आणि सोबत कोणती कागदपत्रे जोडावीत?

उत्तर १ (निवृत्त मंडळ अधिकारी)

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद (लिहिताना झालेली चूक), तसेच हितसंबंधित व्यक्तींनी मान्य केलेल्या चुका दुरुस्त करता येतात, आणि व्यवहारात हा अर्ज तहसीलदारांकडे करावा लागतो. तथापि अर्ज लिहिण्यापूर्वी वारसाच्या फेरफाराची (हक्कातील बदलाच्या महसुली नोंदीची) प्रमाणित नक्कल काढावी, कारण आत्यांच्या नावाचा निर्णय सातबाऱ्यावर नव्हे, तर गाव नमुना ६ (फेरफारांची नोंदवही) मधील त्या फेरफारावर होणार आहे. मंजूर फेरफारात तिघांची नावे असतील आणि पुढे कोठेही त्यांचे नाव कमी करणारा दुसरा फेरफार नसेल, तर नोंद बरोबर आहे आणि संगणकात घेताना केवळ तिचा अंमल चुकला आहे, असे म्हणता येते. हा शुद्ध लेखनप्रमाद होय. जुन्या उताऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक लिहिलेला असतो. तो पाहून नक्कल मागितल्यास शोध सोपा जातो. अनेक जिल्ह्यांतील जुने अभिलेख ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावरही पाहता येतात.

क्षेत्राची गोष्ट वेगळी आहे. तिघांनी मिळून संमतीपत्र दिले तरी केवळ संमतीने क्षेत्र वाढत नाही. ते भूमी अभिलेख खात्याच्या आकारबंदाशी (प्रत्येक गटाचे क्षेत्र व आकारणी दाखवणाऱ्या अभिलेखाशी) जुळावे लागते. त्यामुळे उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयातून आकारबंदाची नक्कल घ्यावी. त्याआधी संगणकीकृत उताऱ्यावरील लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा (लागवडीस अयोग्य भाग) यांची बेरीज करून पाहावी, कारण पुष्कळदा लोक फक्त वरचा आकडा वाचतात आणि जमीन कमी झाल्याचे समजतात. बेरजेनंतरही १ हेक्टर २६ आरच येत असतील, तर दोन्ही उताऱ्यांवरील आकारणी (जमिनीचा सारा) ताडून पाहावी. आकारणी तीच राहून क्षेत्र तेवढे बदलले असेल, तर ६ आणि २ या अंकांची अदलाबदल झाली, हे दाखवायला तो चांगला आधार ठरतो.

उत्तर २ (महसूल व दिवाणी दाव्यांचे काम पाहणारा वकील)

वरील मताशी मी सहमत आहे. एक धोका मात्र सांगणे आवश्यक वाटते. मूळ वारस फेरफारातच आत्यांचे नाव नसेल, तर ती हस्तदोषाची चूक राहत नाही, आणि तहसीलदारांनी कलम १५५ खाली नाव लावले तरी तो आदेश अपिलात टिकेलच असे नाही. मालकीचा किंवा वारसाहक्काचा वाद या कलमाखाली निकालात काढता येत नाही, हे न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले आहे. तशा स्थितीत कलम २४७ खाली त्या फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावे लागते. त्यासाठी ६० दिवसांची मुदत असल्याने विलंब माफीचा अर्ज सोबत द्यावा लागेल. भावंडांत वाद असता, तर दिवाणी न्यायालयातच जावे लागले असते. आत्यांना मात्र धीर द्यावा: महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि नोंद गळाल्याने ती नष्टही होत नाही.

नाव लावून घेताना आत्यांचे नाव फेरफारात जसे आहे तसेच मागावे. फेरफारात माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे, असा फरक असल्यास तो विषय याच अर्जात मिसळू नये. नाहीतर सरळ असलेले प्रकरण चौकशीत अडकते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. फेरफाराची नक्कल मिळाली. त्यात तिन्ही वारसांची नावे असून मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरीची सही आहे. आकारबंदातही १ हेक्टर ६२ आर हेच क्षेत्र आहे. आता दोन अर्ज करावेत की एकच?

उत्तर १ (निवृत्त मंडळ अधिकारी)

एकच अर्ज चालेल, परंतु दोन्ही मागण्या स्वतंत्र परिच्छेदांत लिहाव्यात आणि प्रत्येकीखाली तिचाच आधार नमूद करावा: नावासाठी फेरफार क्रमांक व मंजुरीची तारीख, क्षेत्रासाठी आकारबंद व हस्तलिखित सातबारा. अर्जावर वडील, काका आणि आत्या तिघांच्याही सह्या असाव्यात. त्यानंतर तलाठ्यांचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांचा अहवाल मागवला जातो. नोटीस निघाल्यावर तिघांनी हजर राहून जबाब द्यावेत. आत्यांना प्रवास अवघड असला तरी त्यांचा स्वतःचा जबाब नोंदला जाणे मला फार महत्त्वाचे वाटते. अर्जाची पोच जपून ठेवावी. आदेश हाती आला म्हणजे काम संपले, असे समजून पुष्कळ लोक तेथेच थांबतात आणि सातबारा जुन्याच चुकीसह राहतो. आदेशाच्या आधारे नवा फेरफार धरला गेला का, तो प्रमाणित झाला का, हे पाहावे आणि मग सातबाऱ्याबरोबर आत्यांच्या नावाचा ८अ उताराही (खातेदाराच्या नावावरील जमिनीचा उतारा) काढून त्यावरचे क्षेत्र तपासावे.