एक्स्टर्नल डिस्क ‘रॉ’ दाखवतेय, दिवाळी अंकाची पानं अडकलीत

डीटीपी_बार्शी: १ टीबीच्या एक्स्टर्नलवर पेजमेकरच्या फाइली कॉपी होत असताना लाइट गेली. आता डिस्क लावली की विंडोज म्हणतं, आधी फॉरमॅट करा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये एनटीएफएसच्या (विंडोजची फाइली लावून ठेवायची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टिम) जागी ‘रॉ’, म्हणजे ओळखता न येणारी, असं दिसतंय. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं टूल) तर चालायलाच तयार नाही. अंकाची लावलेली पानं त्यातच आहेत आणि छापखान्याचा तगादा सुरू झालाय. काय करू?

सागर_पीसी: फॉरमॅट मारा आणि फोटोरेक (गेलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम) चालवा. डेटा येतो.

जुना_हार्डवेअरवाला: दादा, फॉरमॅट अजिबात नको. फोटोरेक फाइली ओळखतं ते आतल्या खुणांवरून, त्यामुळे नावं आणि फोल्डर दोन्ही जातात. शेकडो बेनामी फाइलींतून पान १२ कुठलं, हे कसं शोधणार? तो उपाय अगदी शेवटचा.

आधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (वाचायला अडणारे डिस्कचे तुकडे) यासमोरची रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडा, किती आहे? आतून टकटक आवाज येत असेल तर मात्र काहीच करू नका. वायर काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

डीटीपी_बार्शी: आवाज नाही. पण पेंडिंगचा आकडा शून्य नाही, आणि प्रोग्रॅम रंग पिवळा दाखवतोय.

जुना_हार्डवेअरवाला: म्हणजे काही सेक्टर वाचता येत नाहीयेत. अशा डिस्कवर थेट दुरुस्ती करायची नाही, आधी कॉपी घ्यायची. तेवढीच किंवा मोठी दुसरी डिस्क आणा, उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी सिस्टिम) पेनड्राइव्हवरून चालू करा आणि डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कची कॉपी घेणारा प्रोग्रॅम) अख्खी डिस्क उतरवा. मॅप फाइल (कुठवर कॉपी झालं याची नोंद) नक्की द्या, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी काम तिथून पुढे सुरू होतं. कुठली डिस्क जुनी, कुठली नवी, हे सीरियल नंबर बघूनच ठरवा. उलटं झालं तर सगळं पुसलं जाईल.

मग जुनी डिस्क काढून ठेवा आणि कॉपीवर टेस्टडिस्क (पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भाग, दुरुस्त करणारा प्रोग्रॅम) चालवा. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन पार्टिशन निवडा, मग बूट. एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची (बीएस, पार्टिशनच्या सुरुवातीची त्याची माहिती) एक प्रत पार्टिशनच्या शेवटी ठेवतं. वरचा ‘बॅड’ आणि बॅकअप ‘ओके’ दिसला, तर ‘बॅकअप बीएस’ दाबा. बिघाड तेवढाच असेल तर फोल्डर नावांसकट परत दिसतात. चेकडिस्क त्यानंतर, तेही कॉपीवरच.

लाइट गेली तेव्हा जी फाइल जात होती ती उघडून बघाच. एनटीएफएसचं जर्नल (बदलांची नोंदवही) फाइल सिस्टिमचा सांगाडा सांभाळतं, फाइलीतला मजकूर नाही. नाव दिसलं तरी पान अर्धवट असू शकतं. मूळ फाइल पीसीवर असेल तर छापखान्याला तीच द्या.