पेंटलंड आणि त्याची टोपी

'1920-30 च्या काळचे इंग्रज फुटबॉल प्रशिक्षक म्हणजे चेंडू उंच मारा आणि मागे धावा' असं म्हटलं जातं, ते सरसकट पटलं नाही. असं म्हणताना इंग्रज प्रशिक्षक फ्रेड पेंटलंडचं नाव कुणीच कसं घेत नाही? ब्लॅकबर्न, क्वीन्स पार्क रेंजर्स, मिडल्सब्रो या इंग्लिश क्लबांतून खेळाडू म्हणून प्रवास, 1909 मध्ये इंग्लंडकडून पाच सामने. 1914 मध्ये जर्मनीत शिकवायला गेला आणि महायुद्ध पेटल्यावर बर्लिनजवळच्या रुहलेबेन या कैद्यांच्या छावणीत अडकला. तिथे इंग्लंडचा गाजलेला गोल करणारा स्टीव्ह ब्लूमरही होता, म्हणजे कैद्यांच्या सामन्यांचा दर्जा काय असेल बघा!

खरी कमाई स्पेनमधल्या अ‍ॅथलेटिक बिल्बाओ क्लबची. असं सांगतात की पहिल्या दिवशी त्याने पोरांना बुटांच्या नाड्या नीट बांधायला शिकवलं. मग जमिनीलगतचे छोटे पास. 1930 आणि 1931 मध्ये स्पेनची लीग, 1930 ते 1933 सलग चार वेळा स्पॅनिश कप, आणि 1931 मध्ये बार्सिलोनाला चक्क 12-1. मोठा सामना जिंकला की खेळाडू त्याची गोल टोपी हिसकावून पायाखाली तुडवायचे. टोप्यांवर बराच खर्च झाला असणार बिचाऱ्याचा. 1929 मध्ये माद्रिदला स्पेनने इंग्लंडला 4-3 हरवलं, तेव्हाही हा स्पेनच्याच बाजूने मदतीला होता.