रोज उडे त्याला कोण डरे? स्कायडायव्हिंगची किक उतरते का हो?

सुन्या दादरकर
मंडळी, घरात सुटला नाही असा एक वाद इथे आणलाय. मागच्या डिसेंबरात दुबईला टँडम उडी मारली. मारली म्हणजे काय, इन्स्ट्रक्टरच्या पोटाला बांधलेलं गाठोडं होतो मी, त्याने उडी मारली आणि गाठोडंही गेलं. १३ हजार फूट, मिनिटभर फ्री फॉल आणि मग पॅराशूटखाली पाचेक मिनिटं तरंगत खाली. उतरल्यावर तासभर हात थरथरत होते, रात्री जेवण गेलं नाही, आणि खरं सांगतो, अजूनही ऑफिसची लिफ्ट झटका देऊन सुटली की ते विमानाचं उघडं दार डोळ्यापुढे येतं आणि मी एकटाच येड्यासारखा हसतो.

आता आमचा चुलत भाऊ. स्पेनमध्ये नोकरीला आहे, तिकडेच एम्पुरियाब्रावाला शिकला, तीनशेच्या वर उड्या झाल्यात. गणपतीत घरी आला होता. मी मोठ्या कौतुकाने विचारलं की दारातून बाहेर पडताना काय वाटतं रे, तर मोदकावर तूप ओतता ओतता म्हणतो, "काही नाही रे, दादरला कल्याण स्लो पकडल्यासारखं." अरे! ज्या एका मिनिटावर मी वर्षभर जगतोय ते याच्यासाठी कल्याण स्लो? किक मरतेच तर एवढे युरो कशाला जाळायचे? मी स्वतः शिकायला जायचा विचार करतोय म्हणून विचारतो, जाऊ का ते एक मिनिट तसंच जपून ठेवू?

विरार फास्ट
नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय. भाऊ खरं बोलला म्हणून राग आलाय तुम्हाला. मी पहिल्यांदा दारात लटकलो तेव्हा नायगावच्या खाडीपुलावर डोळे मिटून रामरक्षा म्हणत होतो, आता त्याच पुलावर एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने मेसेज टाइप करतो. खाडी तीच, गाडी तीच, मी निबर झालो. यात मर्दुमकी काही नाही, शरीर कंटाळतं एवढंच.

आणि पुरावा हवा तर या स्कायडायव्हर लोकांकडेच बघा. साधी पोटावरची उडी जमली की डोकं खाली करून पडायचं, ते जमलं की पंखांचा सूट, तेही जमलं की छोटं पॅराशूट घेऊन जमिनीजवळ सुसाट वळण. पहिल्या उडीची किक टिकली असती तर डोस वाढवायला लागला असता का?

अनुजा प.
असहमत. भीती आणि किक या दोन गोष्टींची तुम्ही भेळ केलीय. मी मानसशास्त्र शिकवते आणि हा विषय वर्गात हमखास येतो. १९६० च्या दशकात एपस्टाइन आणि फेन्झ या दोघांनी नवखे आणि मुरलेले पॅराशूटवाले घेऊन त्यांच्या हृदयाचे ठोके, श्वास, त्वचेवरचा घाम असं सगळं उडीच्या क्षणापर्यंत मोजलं. नवख्यांचा आलेख विमान वर जाईल तसा चढतच जातो. मुरलेल्यांचा मात्र आधीच चढतो आणि दाराशी येईपर्यंत खाली उतरलेला असतो. सर्वात जास्त भीती कधी वाटली असं विचारलं तर मुरलेल्यांनी उडीच्या दिवशीची सकाळ सांगितली! म्हणजे भीती आहे, फक्त लवकर येऊन जाते, जशी आपल्याला परीक्षेआधी रात्रीच येते आणि पेपर हातात पडला की डोकं थंड होतं.

पुढे १९७४ मध्ये सॉलोमन आणि कॉर्बिट यांनी याचाच आधार घेऊन मांडलं की सुरुवातीला उडीत धास्ती आणि नंतर सुन्नपणा असतो, पुष्कळ उड्यांनंतर धास्ती आटते आणि नंतरचा आनंद वाढतो, लांबतो. तुमच्या भावाला दारात काय वाटतं ते विचारलंत, उतरल्यावर काय वाटतं ते विचारलंत का?

विरार फास्ट
ताई, अभ्यास छान आहे, पण मोजली कोणाला? जे अजून उड्या मारतायत त्यांनाच ना? ज्यांची किक उतरली ते गिअर विकून घरी बसलेत, ते तुमच्या तपासणीला ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्यांच्या मैदानावर, सापडणारच नाहीत. गुटखा सोडलेल्यांना वगळून गुटख्याची मजा मोजल्यासारखं झालं हे.

अनुजा प.
हा मुद्दा मान्य, अगदी मान्य. उपमा मात्र अमान्य.

मटकीउसळ
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

हवाबाण
बोलू का, कारण इथे बहुतेक काठावरूनच चाललंय. माझ्या १४२ झाल्यात. भारतात हरियाणात नारनौलला मारल्यात, बाकी थायलंड आणि स्पेन, कारण मुंबईत राहून हा छंद म्हणजे दर उडीला आधी विमानाचं तिकीट.

पहिली गोष्ट, पोटात गोळा वगैरे येतच नाही. झोपाळ्याला येतो, इमॅजिकाच्या रोलर कोस्टरला येतो, इथे नाही, कारण विमान आधीच दीडशेच्या आसपास किलोमीटर वेगाने चाललेलं असतं, तुम्ही बाहेर पडता ते थेट वाऱ्यावर आपटता, मग दहा-बारा सेकंदात १९०-२०० च्या वेगाला पोचता आणि त्यापुढे वेग वाढत नाही, पडतोय असं वाटतच नाही, जाडजूड आवाजी उशीवर पालथं झोपल्यासारखं वाटतं. फुग्यातून किंवा एका जागी थांबलेल्या हेलिकॉप्टरमधून उडी मारा, मग कळेल पोट कुठे असतं ते.

दुसरी गोष्ट, सुन्याभाऊ, रागावू नका पण तुम्ही ते एक मिनिट पाहिलेलंच नाही. मलाही पहिल्या उडीचं दार आणि खालचं गवत एवढंच आठवतं, मधलं सगळं कोरं. मेंदूला झेपतच नाही. अमेरिकन पद्धतीत पहिलं लायसन्स २५ उड्यांना मिळतं ना, साधारण तिथे पोचेपर्यंत मला मधलं दिसायला लागलं. ढगाची कड कुठून सुरू होते, शेजारच्या गड्याच्या गालाची कातडी कशी फडफडते, मनगटावरचा अल्टिमीटर (उंची दाखवणारं घड्याळ) हजार फूट खातो तेवढ्यात केवढ्या गोष्टी करता येतात. तेच मिनिट आता लांबलचक झालंय. याला किक उतरणं म्हणायचं तर म्हणा बुवा.

विरार फास्ट
हे छान आहे पण हा झाला शास्त्रीय संगीताचा आनंद, कान तयार झाला की बारकावे कळतात वगैरे. थरार नाही. धाग्याचा प्रश्न थरार कमी होतो का, त्याला उत्तर आलं, होतो. घ्या सही करा.

हवाबाण
सही नाही करत. साठावी की एकसष्टावी उडी असेल, पॅराशूट उघडलं ते दोऱ्यांना पीळ पडूनच. मी वर टांगलेला आणि भोवऱ्यासारखा फिरतोय. तेव्हा मी तुमच्यासारखाच झालो होतो, आदल्या उडीला तर विमानात जांभई दिली होती. हाताने दोऱ्यांचे पट्टे फाकवायचे आणि सायकल मारल्यासारखे पाय मारायचे असं शिकवतात, तेच केलं, एक डोळा अल्टिमीटरवर, कारण ठरलेल्या उंचीला पीळ सुटला नाही तर मेन पॅराशूट तोडून रिझर्व्ह उघडायचं, तिथे विचार करत बसायचं नाही. सुटला पीळ. खाली आलो तर गुडघे आपोआप वाकले आणि मी गवतात बसून राहिलो. थरार गेलेला नसतो हो, तो मागच्या बाकावर झोपलेला असतो.

आग्रा रिटर्न
मी फौजेतला, आता मुलुंडला निवृत्त. आग्र्याच्या पॅरा ट्रेनिंग स्कूलला पाच उड्या मारून विंग (छातीवरचा पॅराट्रूपरचा बिल्ला) मिळाले, त्यातली एक रात्रीची. आमचं प्रकरण वेगळं, दोरी विमानाला अडकवलेली, पॅराशूट आपोआप उघडतं, फ्री फॉलची चैन नाही. सांगायचं हे की पहिल्या उडीला मला काहीच वाटलं नाही कारण काय होणार ते माहीतच नव्हतं. दुसरीला हातपाय गळाले. माहीत झालं होतं ना! बऱ्याच जणांकडून हेच ऐकलंय. तेव्हा भीती अनुभवाने कमीच होते हे तुमचं गणित पहिल्याच पायरीला चुकतं.

आणि मला काहीच वाटत नाही म्हणणारा गडी असेल तर मी त्याच्या शेजारी बसलो नसतो.

जोगेश्वरीचा चौथा थर
आमचंही थोडं ऐका. बारा वर्षं पथकात, बहुतेक चौथ्या थरावर. पहिल्या वर्षी खांद्यावर पाय पडला तेव्हा डोळे गच्च मिटलेले, कोणाचा पाय, कोणाची मुंडी काही कळलं नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळायला लागलं की खालच्या थराचा श्वास जोरात झालाय, डावीकडचा डगमगतोय, आता वर चढू नका म्हणून ओरडायचं. बघे नऊ थर मोजतात, आमची खरी धडधड उतरताना, कारण थर लावणं एकवेळ सोपं, उतरवणं महाकठीण. त्यामुळे हवाबाण म्हणतात ते पटलं.

पण विरार फास्टचंही थोडं पटतं. सरावाला दांडी मारणारे, वरच्या पोराची सेफ्टी दोरी राहू दे रे म्हणणारे कोण असतात? जुनेच असतात. नवं पोरगं दोरी तीनदा तपासतं.

विरार फास्ट
आलं ना मुद्द्यावर! स्कायडायव्हिंगमधले बरेच मृत्यू पॅराशूट न उघडल्यामुळे होतात असं आपल्याला वाटतं. पण त्यातले कितीतरी पॅराशूट व्यवस्थित उघडलेलं असताना होतात, जमिनीजवळ नको तेवढं तीव्र वळण घेतल्यामुळे. असली वळणं नवखा सहसा मारत नाही हो, त्याला घरी जायचं असतं. किक उतरली की माणूस ती शोधत खाली खाली जातो, हेच मी पहिल्यापासून सांगतोय.

अनुजा प.
मग शीतल महाजन यांचं काय? पुण्याच्या, २०११ च्या पद्मश्री. त्यांची आयुष्यातली पहिली उडीच उत्तर ध्रुवावर, २००४ मध्ये. मग २००६ ला दक्षिण ध्रुव, २०१८ ला थायलंडमध्ये नऊवारी नेसून, २०२३ ला एव्हरेस्टसमोर. जवळजवळ वीस वर्षं झाली! किक उतरलेलं माणूस नऊवारी नेसून विमानात चढेल? मला तर नऊवारी नेसून लग्नाच्या हॉलचा जिना चढताना धाप लागते.

विरार फास्ट
ताई तुम्ही माझीच केस लढताय. ध्रुवावरून सुरुवात केल्यावर साध्या उडीत मन रमेल का? म्हणून एव्हरेस्ट.

हवाबाण
त्यांच्या मनात काय ते त्यांनाच माहीत, आपण दोन्ही बाजूंनी ओढू नये. पण डोस वाढवण्याबद्दल बोलतो. विंगसूट, म्हणजे तो पंखांचा सूट, घालायला किमान २०० उड्या लागतात, असाच नियम आहे, म्हणजे डोस वाढवण्याआधी संयम शिकवतात. ल्यूक एकिन्स या अमेरिकन स्कायडायव्हरने २०१६ मध्ये २५ हजार फुटांवरून पॅराशूटशिवाय जाळ्यात उडी घेतली तेव्हा त्याच्या नावावर हजारो उड्या होत्या आणि पाठीमागे भली मोठी तयारी. तो कंटाळून उठला आणि गेला असं झालं नाही.

आणि सगळेच वर वर जात नाहीत. माझ्या ओळखीचे एक काका हजार उड्या झाल्यावरही पोटावरच पडतात, चौघांनी हात धरून ठरलेल्या आकृत्या करायच्या बस, आणि एक आकृती जास्त झाली की खाली येऊन लहान पोरासारखे नाचतात. तो थरार नाही तर काय, पावसाळी अधिवेशन?

पार्ल्याची शुभामावशी
तुम्ही सगळे उडी मारणाऱ्याचंच बोलताय. माझा मुलगा सात वर्षं कामशेतला पॅराग्लायडिंग करतो. त्याची किक उतरली का ते त्याला विचारा, माझी एकदाही उतरलेली नाही. शनिवारी "उतरलो" असा फोन येईपर्यंत मी गॅस पेटवत नाही. मागे एकदा फोनची बॅटरी गेली होती त्याच्या, त्या दिवशी यांना दुपारी चार वाजता जेवायला मिळालं.

मटकीउसळ
मावशींना +१००. काकांना +२००.

आग्रा रिटर्न
मावशी, आमच्या आईने विंग मिळाल्याचा फोटो देवघरात लावला होता. कौतुक म्हणून का नवस म्हणून ते मी शेवटपर्यंत विचारलं नाही.

सुन्या दादरकर
धागा बराच पुढे गेला, तेवढ्यात काल रात्री भावाला फोन केला. अनुजाताईंनी सांगितलं तसं दाराचं सोडून बाकीचं विचारलं. आधी उडवाउडवी केली, मग म्हणाला विमानात खरंच काही नाही, पण शनिवारी उडी असली की शुक्रवारी रात्री दोनदा उठून खिडकीतून वारा बघतो आणि पहाटे कॉफी अर्धी टाकून देतो. बायको म्हणते हा शुक्रवारी बोलतच नाही कोणाशी. मग गणपतीत कल्याण स्लो का म्हणालास विचारलं, तर म्हणे काकू ऐकत होती ना शेजारी, तिच्यासमोर काय सांगू.

काकू म्हणजे माझी आई. म्हणजे उत्तर मला नव्हतंच, आईला होतं.

अनुजा प.
😄 सकाळची भीती, बघा.

विरार फास्ट
बरं. एवढ्यापुरती माघार. शुक्रवारी गाढ झोप लागायला लागली की कळवायला सांगा त्याला.

हवाबाण
सुन्याभाऊ, शिकायला जायचं ठरलं तर व्यक्तिगत निरोप करा. थायलंडचा खर्च काढून देतो, आणि आईंना काय सांगायचं तेही.