केबल बदलून बूट लवकर होणार नाही

वेगवान जेटॅग केबल (संगणकावरून चिपमध्ये डिझाइन भरायची केबल) घेतली की एफपीजीए बोर्ड (ज्याच्या चिपचं आतलं सर्किट आपण ठरवतो) लवकर उठेल, असं काही जण म्हणतात; ते मत पटलं नाही. वीज दिल्यावर बिटस्ट्रीम (चिपचं सर्किट ठरवणारा डेटा) बोर्डवरच्या फ्लॅश मेमरीमधून येते, केबलचा तिथे संबंधच नाही. आर्टिक्स-७ ३५टी या एफपीजीए चिपची बिटस्ट्रीम १,७५,३६,०९६ बिट्सची. व्हिवाडो या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये काहीच न बदलता एका डेटा लाइनवर ३ मेगाहर्ट्झने ती भरायला जवळजवळ ६ सेकंद जातात. तिथे एसपीआय बसविड्थ (फ्लॅशकडून येणाऱ्या डेटा लाइन्स) ४ आणि कॉन्फिगरेट (मेगाहर्ट्झमधला वेग) ३३ करा, तेच काम ०.१३ सेकंदात.

मात्र हा वेग देणाऱ्या चिपच्या आतल्या ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी ५० टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते, म्हणजे ३३ चे ४९.५ धरूनच फ्लॅशचं टायमिंग तपासा. फ्लॅशमधला क्वाड एनेबल बिट (चार लाइन्स चालू करणारी सेटिंग) चालू करायचा राहून गेला तर डन पिन (बिटस्ट्रीम भरून झाल्याची खूण) वर जातच नाही, आणि लोक उगाच सोल्डरिंग तपासत बसतात.