मज्जारज्जूला इजा असलेल्या रुग्णाची सोनोग्राफी व सीटी : पूर्वतयारीसाठी मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात राहतो. माझ्या थोरल्या बंधूंच्या मज्जारज्जूला छातीच्या चौथ्या मणक्याच्या (टी-४) पातळीवर इजा झालेली असून त्यांना लघवीसाठी कायमची नळी आहे. मुतखड्याच्या शंकेमुळे डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि गरज वाटल्यास कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक दिसावे म्हणून शिरेतून द्यायचे औषध) देऊन सीटी स्कॅन सांगितले आहे. तपासणी केंद्राच्या छापील कागदावर मात्र भरपूर पाणी पिऊन लघवी धरून ठेवावी व आदल्या रात्री जुलाब घ्यावा, असे सरसकट लिहिलेले आहे.

मागच्या सोनोग्राफीत मूत्राशय भरावे म्हणून तंत्रज्ञाने नळीला चिमटा लावला होता. थोड्याच वेळात दादांचा चेहरा लालबुंद झाला, कपाळावर घाम डवरला, डोके ठणकू लागले आणि एरवी शंभरच्या आसपास असणारा वरचा रक्तदाब १७० वर गेला. चिमटा काढून त्यांना उठवून बसवल्यावर तो उतरला. टी-६ किंवा त्यावरच्या इजेत मूत्राशय ताणले गेल्यास असे होऊ शकते, त्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात आणि ते जिवावर बेतू शकते, हे डॉक्टरांनी आम्हाला नंतर समजावले. केंद्रात ते कोणालाच ठाऊक नव्हते, याची मला फार काळजी वाटते.

मूत्रपिंडे पाहण्यासाठी मूत्राशय भरलेले असावे लागत नाही. मग फक्त मूत्राशयापुरती नळी बंद करायची झाल्यास ती किती वेळ ठेवावी, आणि त्या वेळी रक्तदाब कोणी व किती वेळाने मोजावा?

जुलाबाचे कोडे त्याहून अवघड आहे. दादांचे पोट एक दिवसाआड सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायची औषधी वडी) देऊन साफ होते. रात्री जुलाब दिला, तर सकाळी गाडीत किंवा टेबलावर शौचावर ताबा राहणार नाही, शिवाय ओलसरपणाने कातडी सोलवटते. दिलाच नाही, तर सोनोग्राफीत मळ आणि वायू यांच्याआड खडे नीट दिसणार नाहीत, आणि तुंबलेले आतडेही रक्तदाब चढवू शकते. ठरलेला क्रमच तपासणीच्या आदल्या संध्याकाळी आणणे पुरेसे होते का?

पायांचे स्नायू झिजल्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) मुळातच कमी येते आणि त्यामुळे बिघाड लपू शकतो, तेव्हा कॉन्ट्रास्टपूर्वी सिस्टॅटिन-सी (स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली तशीच रक्ततपासणी) तपासून घेण्याचा आग्रह धरावा का? दाबाने कातडीला जखमा होऊ नयेत म्हणून टेबलावर आम्ही स्वतःची जेलची गादी नेली तर चालते का?

ज्यांनी घरच्या माणसासाठी हे केले आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. ते वाचून मी प्रश्नांचा कागद तयार करून दादांच्या डॉक्टरांपुढे ठेवणार आहे, आणि त्यांची सही असलेली सूचना हाती आल्याशिवाय तपासणीची वेळ घेणार नाही.