नासाऊत पॉटर्स के गाठा

बहामाजची राजधानी नासाऊ, तिथल्या धक्क्याजवळ फक्त बर्गर-फ्राइजच मिळाले, असं तुम्ही लिहिलंय. वाचून खरंच हळहळ वाटली! पुढच्या वेळी किनाऱ्याने पूर्वेला चालत जा. पॅराडाइज आयलंडच्या पुलाखाली 'पॉटर्स के' नावाचं छोटं बेट आहे, तिथे मासेवाल्यांच्या टपऱ्या आहेत. कॉंक सॅलड मागा; कॉंक म्हणजे शंखात राहणारी मोठी समुद्री गोगलगाय. विक्रेता तुमच्यासमोर शंखाला भोक पाडून आतला जीव ओढून काढतो, बारीक चिरतो आणि कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची, लिंबू, आंबट संत्र्याचा रस घालून देतो. तिथली गोट पेपर मिरची भयंकर तिखट असते, आधी थोडीच घालायला सांगा. कच्चं नको असेल तर तळलेले कॉंक फ्रिटर्स घ्या. सोबत 'पीज अँड राइस' घ्याच. त्यातले दाणे म्हणजे आपली तूर!